पिवळ्या पट्टीचा आवाज

उस्मानचाचा,

त्या दिवशी तुमच्या घरी खूप माणसं होती. बायकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला हळूच विचारलं, "तू त्यांची कोन?" मी मनात एकेक नातं लावून पाहिलं. नात्यातली नाही, शेजारची नाही. तुमच्याकडे कामाला नव्हते, आणि शिष्या म्हणावं तर तुम्हीच कानाला हात लावला असता. शेवटी म्हटलं, "मी शनिवारी यायचे." त्यांना तेवढं पुरलं. सरकून त्यांनी मला नीट बसायला जागा दिली.

दोन वर्षं शनिवारी येत होते मी. पहिल्या शनिवारी तर तुमचा गाळाच सापडत नव्हता. पावणे एमआयडीसीतल्या त्या एकसारख्या शेड्समधून फिरून फिरून वैतागले आणि चहाच्या टपरीवर विचारलं, "कॉम्प्रेसरवाले उस्मानभाई कुठे बसतात?" आवाज दाबणाऱ्या यंत्रालाही कॉम्प्रेसर म्हणतात हे टपरीवाल्याला कुठून माहीत असणार? त्याने मोठ्या आत्मविश्वासाने मला एसी दुरुस्तीवाल्याकडे पाठवलं. त्याने मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि विचारलं, "मॅडम, किती टनाचा?" शेवटी तुमच्याकडे पोचले आणि हे सांगितलं तेव्हा तुम्ही खो खो हसलात. "त्याच्याकडचे लोक फ्रिज घेऊन माझ्याकडे येतात, बाय. गेल्या आठवड्यात एक जण मासळीवाल्याचा डीप फ्रीजर टेम्पोतून उतरवत होता."

मग माझ्या हातातल्या लॅपटॉपकडे बघून म्हणालात, "आणि तू काय उतरवणार?"

मला ते समजावून सांगायला तीन शनिवार लागले. मी सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये बसून जुन्या ध्वनियंत्रांच्या नकला लिहिते. एके काळी स्टुडिओत लोखंडी पेट्या असायच्या. गाणं त्यातून जायचं आणि त्या पेटीचा रंग घेऊन बाहेर यायचं. आता स्टुडिओ म्हणजे कुणाच्यातरी बेडरूममधलं टेबल. तिथे पेट्यांना जागा नाही. म्हणून त्या पेटीचं चित्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर आणायचं, तोच नॉब, तोच काटा, आणि आत तारांच्या जागी गणित. त्याला प्लगइन म्हणतात. तुम्ही शेवटपर्यंत 'पिलगीन' म्हणत राहिलात, आणि मला नेहमी संशय येत गेला की तुम्हाला मूळ शब्द व्यवस्थित येत होता.

तुमच्या पेटीबद्दल मी एका जुन्या रेकॉर्डिस्टकडून ऐकलं होतं. सव्विसाव्या वर्षी तुम्ही मुंबईतल्या एका स्टुडिओसाठी तीन लिमिटर, म्हणजे आवाज आवरणारे कॉम्प्रेसरच, बनवले होते. परदेशी मशीन मागवणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून श्रीवर्धनहून आलेल्या, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका पोराला त्यांनी विचारलं. पोरगा 'हो' म्हणाला आणि मग ते बनवायचं कसं ते शिकायला बसला. स्टुडिओ बंद झाला तेव्हा दोन पेट्या भंगारात गेल्या. तिसरी तुम्ही उचलून आणलीत. तो रेकॉर्डिस्ट मला म्हणाला होता, "त्या पेटीतून बाईचा आवाज असा यायचा, की शब्द संपल्यावरही जरा वेळ खोलीतच राहायचा. उस्मानचा हातच तसा."

उस्मानचा हात. हे दोन शब्द नीट लक्षात ठेवून मी पावण्याला आले होते.

त्या पेटीचं काम तुम्ही मला जसं सांगितलंत, तसं कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. "गानारी बाई हळू गाते आणि मधेच ताकद लावून वर जाते. टेपवर आवाज फाटतो. म्हणून मधे एक हात ठेवायचा. आवाज वर आला की दाबायचा, खाली गेला की सोडायचा. दाबनं कुनालाही जमतं. सोडायचं कसं, त्यात सगळं हाय." तुमच्या पेटीत हा हात म्हणजे एक बारका दिवा आणि त्याच्यासमोर उजेड ओळखणारी एक चकती, दोन्ही काळ्या नळीत बंद. आवाज वाढला की दिवा उजळायचा आणि चकती आवाज दाबायची.

मी पेटीत सूर सोडायचे, बाहेर काय येतंय ते मोजायचे आणि घरी जाऊन गणित लिहायचे. सोबत तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढून दिलेला पेटीच्या आतल्या जोडणीचा नकाशा होता. तुमचं अक्षर काय सुंदर होतं! एकेका भागाचं माप, मोत्यासारखं.

आणि तरीही माझी नक्कल जुळेना. दाबणं जुळलं, सोडणं नाही. तुमची पेटी हात सावकाश काढून घ्यायची, माझं गणित हात झटकून मोकळं व्हायचं. पाच महिने मी स्वतःच्या गणिताला शिव्या घातल्या. चकतीचं मॉडेल चार वेळा मोडून लिहिलं. तुम्ही खूश होता. "बोललो ना तुला, त्या नळीत जादू हाय. ती कागदावर नाय येत." दर शनिवारी मी हरल्याचं कळलं की तुम्ही खारीची दोन पाकिटं मागवायचात.

मग एका शनिवारी, दुसरं काही करायचं उरलं नाही म्हणून, मी म्हटलं, "चाचा, पेटी उघडूया. एकेक भाग मोजते."

"मी बनवलीय ती. मोजायचं काय त्यात?"

पण उघडलीत. मी मीटर लावत गेले, तुम्ही नकाशा धरून माप वाचत गेलात. सगळं जुळत होतं. आणि मग तो एक रेझिस्टर आला, दिव्यामागचा, हात किती वेळात सोडायचा हे ठरवणारा. तुम्ही वाचलंत, "बावीस हजार." मीटर म्हणत होतं, दोन लाख वीस हजार. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. दहापट.

रेझिस्टरचं माप त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचतात. तिसरी पट्टी नारिंगी असायला हवी होती. तुम्ही चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणलात, पेटी उजेडाकडे वळवलीत आणि बराच वेळ बघत राहिलात.

"पिवळी हाय," म्हणालात.

मी, चाचा, आनंदाने ओरडले. तेच मला अजून खुपतं. पाच महिन्यांचं कोडं सुटलं होतं, माझं गणित पहिल्यापासून बरोबर होतं, आणि मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. मग तुमच्याकडे बघितलं. तुम्ही सोल्डरिंग आयर्न गरम करायला लावलं होतं आणि ड्रॉवरमध्ये नारिंगी पट्टीचा तुकडा शोधत होता.

"चाचा, काय करताय?"

"चूक सापडली, दुरुस्त करतो."

मी आयर्नची पिन बोर्डातून खेचून काढली. तुमच्या गाळ्यात तुमच्या बोर्डातून. "हात लावू नका त्याला! सगळे ज्या आवाजासाठी जीव टाकतात तो आवाज त्या तुकड्यामुळे आहे."

"मशीन माझी हाय."

"पण आवाज सगळ्यांचा आहे."

तुम्ही खाली बसलात. "चाळीस वर्सं लोक बोलले, उस्मानचा हात, उस्मानचा हात." आवाज अजिबात चढला नाही तुमचा, चढला असता तर बरं वाटलं असतं. "हात कसला गं? मस्जिद बंदरच्या त्या अंधाऱ्या खोलीत डोळे चुकले माझे. बस. आता जा तू. माझी नमाजची येळ झाली."

नमाजाला अजून तास होता. आपण दोघांनीही घड्याळ बघितलं, आणि मी गेले.

त्यानंतर तीन शनिवार तुम्ही फोन उचलला नाहीत. मी एकदा येऊनही गेले. तुम्ही शटर अर्धं ओढून आत बसला होता, मला तुमच्या चपला दिसत होत्या. हाक मारायचं धाडस झालं नाही. मला वाटलं, मी एका माणसाच्या आयुष्यातली एकच अभिमानाची गोष्ट मीटर लावून मोडली. प्लगइनचं काम बंद ठेवलं. नवऱ्याने विचारलं, "जुळलं ना आता? मग चेहरा असा का?"

चौथ्या शनिवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा फोन आला, "मॅडम, एक अंकल रिक्षात बसलेत, उतरत नाहीत. बोलतात, सामान जड आहे." मी खाली आले. तुम्ही रिक्षात, मांडीवर चादरीत गुंडाळलेली पेटी, आणि पेटीवर चाचीने दिलेला सांदणांचा डबा. तुम्ही माझ्या घरी पहिल्यांदाच येत होता.

वर येऊन पाणी प्यायलात आणि म्हणालात, "तुझ्या पिलगीनमधे दोन्ही होतं काय? माझी चूक पन, आन् मी बनवायला बसलो होतो ती पन?"

होत होतं. एका आकड्याचा तर फरक होता. मी तुम्हाला हेडफोन दिले आणि एका गायिकेचा साधा, कोरा आवाज लावला. आधी पिवळी पट्टी. तुम्ही मान डोलावली, हा ओळखीचा होता. मग मी आकडा बदलला, नारिंगी केला. चाचा, तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी जे यंत्र बनवलं असं समजत होता, ते त्या दिवशी माझ्या डायनिंग टेबलावर तुम्ही पहिल्यांदा ऐकलंत.

मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही कडवं पूर्ण ऐकलंत. पुन्हा लावायला सांगितलंत. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवलेत आणि तुमचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताय. तुम्ही हसत होता.

"बाय," तुम्हाला बोलवेना, "बरोबरवाला एकदम रद्दी हाय गं!"

आणि खरंच रद्दी होता. प्रत्येक शब्दाला धापा टाकत होता. ती गायिका जिना चढून आल्यासारखी वाटत होती. आपण दोघं इतके हसलो की माझी लेक आतून बघायला आली. नंतर सांदणं खाताना तुम्ही एकदम गंभीर झालात. "एक सांगू? दुसऱ्या दिवशी ऐकली असनार ना मी ती पेटी, तेव्हा. आवडली असनार. म्हनून तर तशीच ठेवली. म्हंजे कान तरी माझेच होते."

"तेच तर मी म्हणत होते."

"तू कुठे बोललीस? तू टाळी वाजवलीस."

एवढंच. त्या टाळीचा विषय तुम्ही त्या एका वाक्यात काढलात आणि पुन्हा कधी काढला नाहीत. मी माफी मागायला लागले तर डबा माझ्याकडे सरकवलात.

त्यानंतर आपलं दुसरं भांडण सुरू झालं, जे अजून चालूच आहे असं मी धरते. प्लगइनवर एक खटका ठेवायचा, दोन्ही आवाजांसाठी, हे ठरलं. खटक्याखाली काय लिहायचं? तुम्ही म्हणालात, "एका बाजूला लिही 'बरोबर', दुसऱ्या बाजूला 'चूक'." मी म्हटलं, तुमच्या नावाच्या पेटीवर मी 'चूक' लिहिणार नाही. "का? झाली ना माझ्याकडून?" कोण वापरेल, चाचा, 'चूक' लिहिलेलं बटण? "सगळे तेच वापरतील, बग तू." मी 'उबदार' सुचवलं. तुम्ही म्हणालात, ते स्वेटरवर लिहितात. 'जुना' सुचवलं. "जुना मी झालो, पेटी त्या दिवशी नवीन होती." महिनाभर हे चाललं. पडद्यावर ती जागा अजून रिकामी आहे.

आणि मग ती परीक्षा. ती तुमचीच कल्पना. "डोळे मिटून बसतो. एकदा माझी मशीन वाजव, एकदा तुझं पिलगीन. ओळखलं नाय तर नाव बदलीन." मला ती नको होती. पण तुमच्या अंगात एकदा आलं की आलं. गाळ्यात तुम्ही तुमच्या स्टुलावर बसलात, पेटीला खेटून, नेहमीसारखे. मी दोन्हींची पातळी सारखी केली, कोणता आधी हे मनाशी ठरवलं आणि तेच एक कडवं दोनदा वाजवलं. पहिल्या वेळी पेटीतून. दुसऱ्या वेळी माझ्या गणितातून.

तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "दुसरी. दुसरी माझी."

या क्षणासाठी मी दोन वर्षं राबले होते. यंत्र बनवणाऱ्या माणसाने नकलेला आपलं म्हणावं, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट आमच्या धंद्यात नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र अर्धं ओढलेलं शटर आणि आतल्या चपला आल्या. आधी डोळे चुकले, आता कान चुकले, हे तुम्हाला मी कसं सांगू? कान तरी माझेच होते, असं म्हणाला होता तुम्ही.

मी म्हटलं, "बरोबर, चाचा. दुसरी तुमची."

तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बस? एवढंच?"

मला वाटलं तुम्हाला शाबासकी हवी आहे. मी कौतुक केलं. तुम्ही चहा सांगितलात.

त्यानंतर जेमतेम दोन महिने मिळाले. प्रत्येक शनिवारी निघताना तुम्ही मला विचारायचात, "आनखी काय बोलायचं हाय काय, बाय?" मी म्हणायचे, "नाही, पुढच्या शनिवारी." मग एका बुधवारी तुमच्या लेकीचा, रुबीनाचा फोन आला, तुम्ही गेल्याचा.

काल मी नेरूळला तुमच्या घरी गेले होते. रुबीनानेच बोलावलं, पेटीचं काय करायचं ते ठरवायला. तुम्ही तिच्याबद्दल नेहमी 'माझी फार्मासिस्ट' म्हणून बोलायचात, पण मी तिच्याशी नीट बसून कधी बोलले नव्हते. चाची आत कपाट आवरत होत्या. पेटी दिवाणावर होती, त्याच चादरीत. रुबीनाने चहा दिला आणि सहज म्हणाली, "अब्बांनी तुमची ती टेस्टची गोष्ट सांगितली होती. दोन दिवस हसत होते."

मी कप खाली ठेवला. "काय सांगितलं?"

"की त्यांनी तुमच्यावाल्याला 'माझी' म्हटलं."

"त्यांना माहीत होतं?"

"हात होता ना पेटीवर त्यांचा. आवाज मोठा झाला की आतला ट्रान्सफॉर्मर जरासा थरथरतो म्हणे, झाकणावर हात ठेवला की कळतं. दुसऱ्या वेळेला पेटी गप्प होती." ती हसली. "म्हणाले, पोरीने एवढी मेहनत केलीय, म्हटलं खूश करू. पण ती खूश व्हायच्या जागी रडवेली झाली आणि बोलली, बरोबर. म्हणाले, बग, मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलली."

मला तुमचा हात दिसला, चाचा. असायचाच तो तिथे, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. मी दर शनिवारी बघत होते, म्हणून त्या दिवशी बघितला नाही.

मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाही त्यांनी?"

"मी पण तेच बोलले. सांगून टाका, उगाच टेन्शनमधे असेल ती. तर म्हणाले, नको. ती सांगेल. तिची गोष्ट हाय, तिला सांगू दे."

आनखी काय बोलायचं हाय काय, बाय. आठ शनिवार तुम्ही मला दार उघडून दिलंत, आणि आठही वेळा मी नमस्कार करून निघून गेले.

रुबीनाने कप उचलून ठेवले. मग रुबीना म्हणाली, "एक विचारलं होतं मी. म्हटलं, अब्बा, हात नसता तर? नुसतं कानाने कळलं असतं?"

"मग?"

"बराच विचार केला त्यांनी. आणि म्हणाले, नाय. कानाने नाय कळलं. तिचीही माझीच होती."

चाची दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. "लबाड होता माणूस," एवढंच म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत माझ्याकडे बघून हसल्या. मला जेवायला थांबवलं. मी थांबले.

घरी येऊन हे लिहायला बसले आहे. रुबीनासमोर मी 'हो, दुसरी माझी होती' असं म्हटलं, पण ते तिला सांगायचं नव्हतं, तुम्हाला सांगायचं होतं. तर ऐका, चाचा. त्या दिवशी मी खोटं बोलले. दुसरी माझी होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, आणि नंतर लाज वाटली म्हणून बोलले नाही. तुम्ही मात्र वाट बघत राहिलात.

उशीर झाला. रागावू नका.